चलसाहेब

माझ्या मोठ्या भावाला आतली पोरं 'चलसाहेब' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण दादाला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही. उभी हयात त्यानं पोरांच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून काढली. पंधरा ते एकवीस वयाची पोरं तिथे असतात. कुणी गाडी पळवलेली, कुणी दुकान फोडलेलं, कुणी मारामारीत दुसऱ्याचं डोकं फोडून आलेलं.

नोकरीच्या सुरुवातीला एका पोरानं आतून दार जोरात ढकललं आणि ते दादाच्या तोंडावर बसलं. पुढचा दात गेला. तेव्हा त्यानं एक नियम काढला. कुठलंही दार आलं, बंद असो की उघडं, पोरानं थांबायचं. तोंड भिंतीकडे, हात पाठीमागे. पहारेकरी 'चल' म्हणेपर्यंत हलायचं नाही. आधी फक्त दादाच्या पाळीत हे चालायचं. मग वरच्या साहेबांना आवडलं आणि सगळ्या तुरुंगाला लागू झालं. पुढे नव्या पहारेकऱ्यांना हे शिकवायचं कामही दादाकडेच आलं. स्वारी अशी खूश, जणू विजेचा शोध यानंच लावला!

घरीसुद्धा तेच. बाहेर निघताना दारात उभं राहून हा म्हणणार, "चल." वहिनी चप्पल काढून परत आत जायची. म्हणायची, "मी काय तुमच्या बराकीतली आहे? नीट बोलवा, नाहीतर एकटे जा." मी हसायची. तेव्हा हसू यायचं.

मध्ये तिथे एक सुतारकामाचा मास्तर आला होता. भला माणूस. पोरांना रंधा मारायला, सांधे जुळवायला शिकवायचा. पण बराकीपासून त्याच्या सुतारकामाच्या कारखान्यापर्यंत दारंच दारं, आणि प्रत्येक दाराशी प्रत्येक पोर भिंतीला तोंड लावून उभं. पोरं कारखान्यात पोचेपर्यंत निम्मा तास संपलेला. मास्तर दादाशी भांडला. "मी यांना कामधंदा शिकवू की भिंती मोजायला?" दादा म्हणाला, "तुरुंग म्हणजे मामाचं घर नव्हे. यांना रंधा नको, धाक पाहिजे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच." वर्षभरात मास्तर गेला. कारखान्याला कुलूप लागलं. हे दादानं मला जेवताना सांगितलं होतं, मोठी लढाई जिंकल्यासारखं.

माझी लाँड्री आहे. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे. मोठी यंत्रं, चार बाया, एक गाडीवाला आणि मी. निवृत्त झाल्यावर दादा एका पोराला घेऊन आला. उंच, ताडमाड, मान खाली. आम्ही त्याला लंबू म्हणायला लागलो. पंधराव्या वर्षी दोघातिघांबरोबर एक दुकान फोडलं होतं त्यानं. आता अटीवर सुटका झाली होती. अट अशी की नोकरी टिकवायची आणि कुठल्या भानगडीत सापडायचं नाही. सापडला की परत आत.

"माझ्या हाताखालचा आहे," दादा म्हणाला. "एकदम सरळ झालाय. याच्यासारखं पोर नाही मिळायचं."

पोर खरंच चांगलं होतं. त्याच्या चादरीच्या घडीला सुरकुती शोधून सापडायची नाही. बायांना 'मावशी' म्हणायचा, जड गाठोडी आपणहून उचलायचा. फक्त पहिल्याच दिवशी उशीर झाला म्हणून मी रागारागानं बाहेर गेले, तर हा पायरीवर उभा. तोंड भिंतीकडे, हात पाठीमागे. दार नुसतं लोटलेलं. मी म्हटलं, "अरे बाबा, आत यायला आमंत्रणपत्रिका छापू का?" तो म्हणाला, "ताई, कुणी काही म्हणालं नाही."

बाया पोट धरधरून हसल्या. मग आम्हाला सवयच झाली. दारापाशी तो दिसला की जवळची जी असेल ती ओरडायची, "ये रे!" दादाला सांगितलं तर त्याची छाती फुगली. "बघ. बाहेर पडला तरी शिस्त सुटली नाही." माझ्या डोक्यात तेव्हाच काहीतरी खटकलं होतं, पण लग्नसराईचा हंगाम होता, चादरींचे ढीग लागले होते.

वाळवणीच्या खोलीत ड्रायर आहेत. त्यांच्या जाळीत धाग्यांचा भुसा साचतो, तो रोज काढावा लागतो. एका दुपारी मोठ्या ड्रायरच्या मागे, जिथे हात पोचत नाही, तिथल्या भुशानं पेट घेतला. खोलीचं दार आपोआप मिटणारं आहे, गरम हवा बाहेर येऊ नये म्हणून. कुलूप नाही, कडी नाही. बोटानं ढकललं की उघडतं. मला धुराचा वास आला. मी धावत जाऊन दार उघडलं.

लंबू दाराला लागून उभा होता. तोंड भिंतीकडे, हात पाठीमागे. मागे चादरी जळत होत्या. शर्ट पाठीला चिकटला होता. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी चाललं होतं. आणि तो हलत नव्हता! मी त्याच्या दंडाला धरून ओढलं तेव्हा कुठे निघाला.

दवाखान्यात पाठीला पट्ट्या बांधल्या, नाकाला नळी लावली. दादा भेटायला आला, तर हा नळीसकट उठून उभा राहायला लागला. दादा म्हणाला, "झोप, झोप." बाहेर येऊन माझ्याकडे बघेना.

आग विझवायला आलेल्या माणसानं सरळ सांगितलं, भुसा पेटला. पण विमा कंपनीच्या माणसाला ते पटेना. "दार उघडं होतं, मुलगा ओरडला नाही, पळाला नाही. असं कोण वागतं? ज्याच्या मनात काळंबेरं असतं तोच. त्यात हा पूर्वीचा गुन्हेगार." झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. अटीवर सुटका देणाऱ्या मंडळासमोर सुनावणी लागली. आगीचा ठपका बसला असता तर लंबूची सुटका रद्द, वर नवा खटला.

मी दादाच्या घरी गेले. म्हटलं, "तो का पळाला नाही हे फक्त तुला माहीत आहे. येऊन सांग."

"काय सांगू? माझा नियम चुकला म्हणून सांगू? सगळी हयात गेली त्यात."

"तुझी हयात गेली, त्याचा जीव जात होता! भाजत होता रे तो, आणि तुझ्या एका शब्दाची वाट बघत होता. कुत्र्यालासुद्धा आग दिसली की पळायची अक्कल असते. ती अक्कल तुम्ही काढून घेतलीत त्याची. याला सुधारणं म्हणतोस? लाज नाही वाटत?"

वहिनी मध्ये पडली नाही. नुसती म्हणाली, "जा हो." दादा उठून आतल्या खोलीत गेला. पण सुनावणीला आला, बुटांना पॉलिश करून.

मंडळात तिघं होते. अध्यक्षबाई, एक पोलीस अधिकारी आणि एक मानसतज्ज्ञ. दादा उभा राहिला आणि सगळं बोलला. दात, नियम, भिंत, सगळं. विमावाला म्हणाला, "ही तर कहाणी झाली." तेव्हा दादातला पहारेकरी जागा झाला. त्यानं लंबूला हाक मारली, "बाहेर जाऊन थांब."

लंबू उठला, दारापर्यंत गेला आणि थांबला. भिंतीकडे तोंड केलं. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या व्हरांड्यात लोक चहा पीत होते. आम्ही सगळे बघत बसलो आणि तो उभाच. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुरे, बसवा त्याला."

आगीचा ठपका तिथल्या तिथे निघाला. मी मनात म्हटलं, सुटलं पोर. पण मानसतज्ज्ञ घसा खाकरून म्हणाले, "मात्र हा मुलगा अजून बाहेरच्या जगासाठी तयार नाही, हे आपण सगळ्यांनीच पाहिलं. त्याच्या जिवाला धोका आहे." तिघं कुजबुजले. मग अध्यक्षबाईंनी सांगितलं की लंबूला पुनर्वसनासाठी आणखी नऊ महिने संस्थेत ठेवावं. संस्था म्हणजे तोच तुरुंग!

दादा ओरडला, "बाई, तिथे प्रत्येक दाराशी हेच आहे! मीच लावलंय, अजून चालू आहे!"

"संस्थेला आम्ही तशी सूचना देऊ," बाई म्हणाल्या. दुष्ट नव्हत्या हो त्या, त्याचाच जास्त संताप येतो. दुष्ट असत्या तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

माझ्या जिभेला हाड नाही, आणि त्या दिवशी नव्हतं तेच बरं. मी उभी राहिले. "दार उघडायला शिकवायला तुम्ही त्याला कुलपात घालणार? पाण्यात बुडालेल्याला वाळवायला विहिरीत टाकता का? शिक्षा करायची तर शिक्षा म्हणा, आमची तोंडं बंद होतील. पण पोराचं वाटोळं करायचं आणि त्याला पुनर्वसन म्हणायचं! माझ्याकडे ठेवा त्याला. चार बाया आहेत माझ्याकडे, महिन्याभरात दार उघडायलाच काय, आपटायलासुद्धा शिकवतील." मला बाहेर काढलं. मग लंबूला परत न्यायला बाहेर आणलं, जाता जाता त्यानं विचारलं, "ताई, माझी जागा ठेवाल?" मी हो म्हटलं. अजून ठेवलीय. माणूस कमी पडतो, बाया कुरकुर करतात, तरी कुणाला घेतलं नाही.

दादा आता दर आठवड्याला तुरुंगाच्या अधीक्षकांकडे जातो. नियम काढा म्हणतो. अधीक्षक त्याला मानानं बसवतात, चहा देतात. म्हणतात, "अहो, तुमच्या नियमामुळे तर इतकी वर्षं इथे पान हललं नाही. मंडळाची सूचना आलीय, बघू सवडीनं." दोनदा तर त्याला नव्या पहारेकऱ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. दादानं टाळ्या थांबवून त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हे चूक आहे. ते नवे पहारेकरी हसले. म्हातारा नम्रपणा करतोय असं वाटलं त्यांना.

काल तो तिथून सरळ लाँड्रीत आला. चादरींच्या गाठोड्यावर बसला. बूट धुळीनं भरलेले.

"ऐकतच नाहीत गं," म्हणाला. "मी इतकं सांगतो, जीव तोडून सांगतो. कुणी ऐकूनच घेत नाही."

मला दया यायला हवी होती. सख्खा भाऊ आहे. पण नाही आली. मी इस्त्री बाजूला ठेवली आणि म्हटलं, "तो सुतार मास्तरही जीव तोडूनच सांगत होता. ऊठ. परत जा उद्या. त्यांनी नाही ऐकलं तर परवा जा. लंबूला आत नऊ महिने काढायचेत, तुला नुसतं तिथवर जायचंय."