माझ्या हातचे ब्रेक

बाबांच्या कमरेनं दगा दिला तेव्हा काशीदजवळचं आमचं गॅरेज आता बंद होणार, असं सगळे धरूनच चालले. मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाला तर शेडसाठी भाडेकरूही मिळाला होता, पर्यटकांसाठी हॉटेल काढू पाहणारा कुणीतरी. "तुला गाड्यांतलं कळतं, मान्य," भाऊ म्हणाला, "पण गिऱ्हाईक पोरीच्या हातात गाडी देणार का?" मला राग आला, कारण त्यात तथ्य होतं. शाळेत असल्यापासून मी बाबांच्या हाताखाली काम केलं होतं. पण लोक बोलायचे ते बाबांशीच. बाबा एवढंच म्हणाले, "गणपतीपर्यंत बघू."

गणपतीच्या आधी आमच्याकडे गाड्यांची रांग लागते. त्या वर्षी लागली नाही. आलेली माणसं खुर्चीतल्या बाबांची विचारपूस करायची, चहा प्यायची आणि गाडी तशीच पुढे घेऊन जायची. माझ्या हातचा चहा चालायचा, पाना चालायचा नाही.

मग मुरुडचे एक सहा आसनी रिक्षावाले काका आले, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. ब्रेक दाबला की रिक्षा एका बाजूला ओढत होती.

"बाय, बापसाला उठव जरा."

"त्यांना वाकता येत न्हाय. मी करते."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मुद्दाम रस्त्याकडे तोंड फिरवलं. नाइलाजानं काका बाकावर टेकले आणि माझ्या हातांवर असे डोळे लावून बसले, जणू मी त्यांचाच दात उपटत होते.

खाऱ्या वाऱ्यापुढे आमच्याकडे लोखंड टिकत नाही. एका चाकाचा ब्रेक गंजून आतल्या आत अडकला होता. खराब भाग बदलला, तिन्ही चाकं उघडून साफ केली, ब्रेकच्या पाइपातली हवा काढली. आमच्याकडे एक रीत आहे: ज्यानं ब्रेक केले त्यानंच गाडी पहिल्यांदा उतारावर न्यायची, आणि गाडीच्या मालकाला मागे बसवायचं. बाबांनी ती कधी मोडली नाही. मी म्हटलं, "काका, बसा मागं."

उतरताना आरशात पाहिलं, तर काका दोन्ही पाय रोवून मागच्या मागे स्वतःच ब्रेक दाबत होते. हसू आवरत मी खरा ब्रेक दाबला. भर उतारावर रिक्षा जराही न ओढता जागच्या जागी थांबली. इतका आनंद झाला की तिथंच ओरडावंसं वाटलं. काका मात्र पैसे बाबांच्या हातात ठेवून रिक्षा घेऊन गेले. दिवसभर मी धुसफुसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रिक्षा दारात थांबली. मागे काकांची बायको होती, आणि बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक. तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. काका बसल्या जागेवरून बाबांना म्हणाले, "नातीला पयल्यांदा तिच्या घरी नेतोय. तुझ्या पोरीच्या हातच्या ब्रेकवर."

रिक्षा वळणाआड जाईपर्यंत बाबा बघत राहिले. मग त्यांनी भावाला फोन लावला. "शेडचं काय ते आता गॅरेजच्या मालकिणीला विचार," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून भाऊ विचारत होता, "मालकीण? कोण मालकीण?"

"बोलतेय," मी म्हटलं.