वैशालीचं कळवायचं काम

हॉटेलातून आलेले प्लास्टिकचे डबे कपाटात साठतात, तसे वैशालीचे किस्से माझ्याकडे साठलेत. फेकवत नाहीत. इथे न्यू जर्सीत, आयसेलिनला, आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. त्यामुळे काही तिने सांगितलेले, काही मला आपोआप ऐकू आलेले.

ती म्युच्युअल फंडाच्या कंपनीत आहे. एकदा विचारलं, "नेमकं करतेस काय गं?"

"काकू, एखाद्या राज्यात फंड विकायचा तर आधी त्या राज्याला कळवावं लागतं. ते मी कळवते."

"मग राज्य हो म्हणतं?"

"हो-नाही काही नसतं. कळवायचं, फी भरायची, झालं."

म्हणजे लग्नाची पत्रिका. मुलगी पसंत आहे का, कोण विचारतंय!

*

टेक्सासमध्ये शुगर लँडला त्यांच्या सेल्समनने रिटायर्ड मंडळींना सांगितलं, "आमचा फंड टेक्सासने पास केलाय." वैशालीने त्याला भर मीटिंगमध्ये झापलं, "पास कोणी केला? आपण फक्त कळवलंय."

बॉस तिलाच म्हणाला, "जरा टीम प्लेयर हो."

खोटं बोलला तो शहाणा, खरं बोलली ती भांडकुदळ. त्या बॉसला एकदा माझ्या किचनमध्ये आणा म्हणावं.

*

तोच बॉस एकदा म्हणाला, "आधी विकू, मग कळवू. काय बिघडतं?"

वैशाली म्हणाली, "तुमच्या मुलीने आधी लग्न केलं आणि मग फोन केला तर?"

त्याच्या मुलीने तसंच केलं होतं म्हणे. हिला बिचारीला ठाऊक नव्हतं.

*

दिवाळीचा फराळ आमच्याकडे होता. तिचा नवरा गिरीश चकली खात सगळ्यांना म्हणाला, "रेडमंडची ऑफर अ‍ॅक्सेप्ट केली. जानेवारीत मूव्ह होतोय."

वैशाली चहाचा ट्रे घेऊन उभी. तिलाही तेव्हाच कळलं. रेडमंड म्हणजे देशाचं पार दुसरं टोक, आणि तिच्या कंपनीत घरून काम चालत नाही, म्हणजे नोकरी सोडायची. इतक्या वर्षांची.

"तुला सांगणारच होतो यार," म्हणे.

माझं डोकं असं फिरलं की त्याच्या पुढ्यातली चकलीची प्लेट उचलून मी आत नेली.

*

डिसेंबरात गिरीश माझ्या दारात. चेहरा उतरलेला.

"काकू, हिने घराचं लीज वर्षभर वाढवलं. एकटीच्या नावावर. मला नुसती ईमेल."

मागोमाग वैशाली आली, माझा साखरेचा डबा परत द्यायला.

"मला विचारायला हवं होतंस," तो म्हणाला.

तिने डबा माझ्या हातात दिला. "कळवलंय ना? फीसुद्धा भरलीय."