डावा चॅनल

देवनहळ्ळीच्या रस्त्यावर गाडीने वेग घेतला आणि समोरच्या काचेच्या मधोमध गाणारी बाई एकदम उजवीकडे, माझ्या खिडकीशी येऊन बसली.

हे कळायला माझं काम सांगायला हवं. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत मी गाड्यांतल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज जुळवतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजव्या दारातला स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, डावा पार पलीकडे. दोन्हींतून आवाज एकदम सोडला तर उजवा आधी पोचतो आणि गाणं त्या अंगाला कलतं. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर उजव्याला अगदी किंचित थोपवून धरतो. मग गायिका समोर उभी असल्यासारखी वाटते. गाडी पळायला लागली की टायरची घरघर वाढते आणि तबल्यातला डग्गा सगळ्यात आधी बुडतो. छतात एक बारीक माइक असतो. त्याला गाणंही ऐकू येतं, पण गाणं वजा करून तो फक्त रस्ता ऐकतो. रस्ता जेवढा गरजेल तेवढे खालचे सूर अ‍ॅम्प्लिफायर उचलतो आणि सिग्नलला गाडी थांबली की परत उतरवतो. बसणाऱ्याला यातलं काही जाणवता कामा नये. जाणवलं, तर माझं काम चुकलं.

त्या सकाळी मी गाडी चालवत होतो. माझी सहकारी मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती निपाणीकडची, त्यामुळे आमचं काम मराठीतच चालायचं. घाट उतरताना कान बंद होतो तसं काहीतरी टप्पकन झालं, आणि मग ती गायिका सरकली.

"डावा चॅनल गेला," मी म्हणालो.

"नाही सर, चालू आहे. इथे दिसतोय की."

मी गाडी सर्व्हिस रोडला घेतली. सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. डब्यातला चॅनल मेला असेल तर आता उजवी बाजू मुकी व्हायला हवी होती. झाली नाही. डावीच मुकी राहिली.

"मग स्पीकरच गेलाय."

तिने उतरून डाव्या दाराला तळहात लावला. "सर, दार थरथरतंय. मला चांगलं ऐकू येतंय."

मी वैतागलो. तिला काहीतरी सुनवावं म्हणून सीटवर गुडघे टेकून पूर्ण मागे वळलो, आणि गायिका उडी मारून डाव्या दारात गेली. आता उजवं दार गप्प होतं. मी पुन्हा समोर तोंड केलं. बाई उजवीकडे. पुन्हा मागे. बाई डावीकडे. गाडी जागच्या जागी होती. वळत होतो तो मी.

ती दारातून माझ्याकडे बघत होती. "काय झालं सर?"

"फॉल्ट गाडीत नाही," मी म्हणालो. माझाच आवाज डोक्याच्या एकाच बाजूला वाजला.

तिने माझ्या डाव्या कानाशी बोटं चोळली. उजव्या कानाशी चोळली, तेवढीच मला ऐकू आली. मग शांतपणे किल्ली मागितली. "तुम्ही चालवू नका. आपण हॉस्पिटलला जाऊया."

वाटेत मी के. आर. पुरमला राहणाऱ्या माझ्या बहिणीला फोन लावला. तिने उचलला, पण बोलेचना. मी तीन-चारदा हॅलो हॅलो ओरडलो. मग लक्षात आलं, फोन सवयीने डाव्या कानाला लावला होता. कान बदलल्यावर अक्का म्हणत होती, "अरे, ओरडतोस काय? मी बोलतेय ना!" मी काय झालं आणि कुठल्या हॉस्पिटलला चाललोय ते सांगितलं. ती म्हणाली, "स्वल्प सर्दी झाली असेल रे. वाफ घे, मोकळा होईल." पण आमच्याआधी ती हॉस्पिटलच्या दारात उभी होती, घरच्याच चपला घालून.

डॉक्टरांनी कान तपासला, मळ नव्हता. मग ट्यूनिंग फोर्क, तो घुमणारा लोखंडी चिमटा, वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळावर टेकवला. "कुठे ऐकू येतंय?"

"उजवीकडे."

त्यांनी मान हलवली. कान नुसता चोंदला असता तर डावीकडे ऐकू आलं असतं; ही आतली नस अचानक बंद पडते, असं होतं म्हणाले. लगेच आलात हे बरं केलंत, लोक आठवडाभर तेल घालत बसतात.

"कशामुळे झालं?"

"बहुतेक वेळा कारण सापडत नाही."

या उत्तराने मी पुन्हा हादरलो. माझ्या धंद्यात प्रत्येक खरखरीला एक सैल स्क्रू असतो. तो सापडेपर्यंत आम्ही गाडी सोडत नाही. इथे एक अख्खी बाजू गेली होती आणि स्क्रूच नव्हता. अक्काने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी केवढ्याने दचकलो! ती डावीकडून आली होती.

गोळ्या झाल्या, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं झाली, स्कॅनमध्ये काही निघालं नाही. मी अक्काकडेच राहिलो. एका सकाळी डाव्या बाजूला घरघर सुरू झाली. मी धावत स्वयंपाकघरात गेलो. ती डोशाचं पीठ वाटत होती. "हे ऐकू येतंय!" मी म्हणालो. तिने मिक्सर बंद केला, माझ्याकडे पाहिलं, आणि पीठ बारीक झालेलं असतानाही पुन्हा चालू केला.

खालचे सूर आले. वरचे आले नाहीत. झांज, पैंजण, बोलण्यातला 'स' डावीकडून आजही येत नाही, आणि आता येणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

कंपनीत मी लपवलं नाही. आता गाडीत पुढे माझी सहकारी बसते आणि ऐकते, मी मागे बसून लॅपटॉपवर आकडे बघतो. "सर, बाई थोडी डावीकडे आहे," ती म्हणते. मी उजव्याचा उशीर जरासा कमी करतो. "आता?" "आता सरी, बरोबर मधोमध." तिच्या शब्दावर मी पुढच्या गाडीकडे जातो. त्याची सवय झाली.

रस्त्याची झाली नाही. बेळ्ळंदूरच्या गर्दीत डावीकडचा हॉर्नही मला उजवीकडूनच येतो आणि मी दर वेळी दचकून चुकीच्या बाजूला बघतो. अक्का बरोबर असली की माझ्या डाव्या हाताला येते आणि दंड धरून चालते.