नॅन्सीने गिळलेले तीन शब्द

नॅन्सी किणीला आमच्या गावठाणात कुणी गरीब गाय म्हणणार नाही. दहिसर चेकनाक्यावरून आत यायला रिक्षावाला कुरकुरला, तर ती त्याला अशी झापते की ती उतरेपर्यंत तो तोंड उघडत नाही. शिवणकाम करते, तेही त्याच तोऱ्यात. पोरींच्या पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा फ्रॉक शिवावा तर नॅन्सीनेच, पण माप देताना पोर हललं की "हल, हल, मग एक बाही आखूड घालून जा चर्चला" हे ऐकून घ्यावं लागतं. मी जेनेव्हिव्ह, तिची शेजारीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि तीही पातळ, त्यामुळे नॅन्सीचं काय चाललंय हे मला विचारावं लागत नाही.

देवाशीही ती अशीच बोलते, तोंडावर. "तुला दिसत नाही का रे?" असं भिंतीपलीकडून आलं की पूर्वी मला वाटायचं, शेर्विनला ओरडतेय. शेर्विन तिचा एकुलता एक मुलगा. तो तेव्हा कामावर गेलेला असायचा आणि ती शिव्या घालत असायची ते वरच्या बापाला.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, आमच्याकडे रोज संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसापुढे जपमाळ होते. बाजूच्या टॉवरमधली माणसं आपापल्या हॉलमध्ये बसून इंग्रजीत म्हणतात, आम्ही अजून मराठीत म्हणतो. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. ती पहिली अर्धी नॅन्सीची. सासूमागून ती तिच्याकडे आली, आणि असा खणखणीत आवाज दुसऱ्या कुणाचा नाही हे तिच्याशी अबोला धरलेली माणसंही कबूल करतात. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' इथून ती सुरू करते आणि 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथे सोडते. पुढे 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' हे आम्ही उचलतो. लहानपणापासूनची सवय, झोपेतसुद्धा चुकायचं नाही.

या वर्षी राखेच्या बुधवारीच शेर्विनला पुन्हा अ‍ॅडमिट केलं. रक्ताचा कॅन्सर. मागे बरा झाला म्हणून आम्ही गावठाणभर केक वाटला होता, आणि आता डॉक्टर सांगत होते की या खेपेला औषध लागू पडेलच असं नाही. नॅन्सी बोरिवलीच्या हॉस्पिटलमधून तडक क्रुसापुढे आली. त्या दिवशी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात, तीही तिने लावली नव्हती. तिने सुरुवात केली, 'पृथ्वीवरही'पर्यंत आली आणि थांबली. आम्ही सवयीने 'आमची रोजची भाकर' म्हणून मोकळे झालो.

मला वाटलं, दम लागला असेल. पण ही प्रार्थना जपमाळेत पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी ती बरोबर तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशीही. मराठीत ते शब्द शेवटाला येतात म्हणून खपून गेलं. इंग्रजीत ते मधेच कुठेतरी पडतात, टॉवरवाल्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

काही दिवस कळ काढली आणि मग विचारलंच. ती एका फ्रॉकला लेस लावत होती.

"नॅन्सी, तू शेवटचे शब्द गिळतेस."

"गिळते." मशीन चालूच.

"का गं?"

"मेलरॉयच्या वेळी म्हटले होते ना." मेलरॉय तिचा नवरा, हार्ट अ‍ॅटॅकने गेला. "आयसीयूच्या बाहेर बसून रात्रभर तेवढंच म्हणत होते, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मला वाटलं, देव खूश होईल. सकाळी झालं ना त्याच्या इच्छेप्रमाणे! ऑपरेशनच्या आधी घरच्यांची सही घेतात, तशी मी सही दिली, जेनी. आता नाय देणार. बघते कसा नेतो ते."

"अगं, देव काय आपल्या सहीसाठी थांबतो?"

"थांबतो की नाय, त्याचं त्याला माहीत. माझी सही नाय."

मला रडू फुटलं. तर म्हणाली, "रडायचं तर तिकडे सरक, सफेद कापड आहे."

आणि त्या उपवासकाळात तिच्याइतकी प्रार्थना आमच्यात कुणी केली नाही, हेही सांगायला हवं. मासे सोडले, ते आम्ही सगळेच सोडतो. तिने चहाही सोडला, आणि मग तिच्या वाटेला जायची कुणाची टाप नव्हती. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा थांब्यांच्या प्रार्थनेला, प्रत्येक थांब्याला गुडघ्यावर, उभी राहिलीच नाही. हॉस्पिटलात शेर्विनच्या उशाशी माळ, घरी आली की पुन्हा माळ. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "पाय धरते तुझे. मला ने. माझं काय राहिलंय? त्याला ठेव." मग थोड्या वेळाने, "ऐकतोयस का? का बहिरा झालास?" ज्याच्याशी भांडण अर्धं राहिलंय त्याला माणूस दाराबाहेर जाऊ देत नाही, तसा तिने देवाला घरात कोंडला होता. माझी कधी त्याच्याशी एवढी जवळीक झाली नाही. मला तिचा हेवा वाटायचा आणि भीतीही वाटायची.

शेवटी हर्बर्टकाकांनी पकडलंच. आमच्यातले सगळ्यांत म्हातारे, कानाने पक्के. माळ चालू असताना सगळ्यांसमोर म्हणाले, "नॅन्सी, पुरी म्हण. देवाला अर्धी प्रार्थना देतेस?"

"काका, तुमचे पोरगे कॅनडात ठणठणीत हायत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा पुरी."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी ते फादरांच्या कानावर घातलं. फादर वयाने शेर्विनएवढेच असतील. ते तिच्या घरी आले, कापडाचा ढीग बाजूला सारून बसले आणि म्हणाले, "नॅन्सीआंटी, येशूनेही क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत आधी तेच मागितलं होतं. हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणाला. आणि मग म्हणाला, पण तुझ्या इच्छेप्रमाणे."

"त्याला माहीत होतं, फादर, तिसऱ्या दिवशी मरणातून उठायचंय ते. माझा शेर्विन उठणार आहे का तिसऱ्या दिवशी? तुम्ही सांगा हो म्हणून, मी आत्ता म्हणते."

फादर उठले, बाजूला सारलेला कापडाचा ढीग परत जागेवर ठेवला. मग म्हणाले, "नका म्हणू, आंटी. पण यायचं थांबू नका."

झावळ्यांच्या रविवारानंतर, म्हणजे ईस्टरच्या आदल्या आठवड्यात, शेर्विनला घरी आणलं. बरा झाला म्हणून नाही, करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. हाडं आतून एवढी दुखायची की चादर ओढलेलीही सहन व्हायची नाही. दातावर दात दाबून पडलेला असायचा. कण्हणं मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि त्याच्या वरताण तिची प्रार्थना.

गुड फ्रायडेला चर्चमधून आलो, तर शेर्विनचा निरोप: आजची माळ माझ्या खोलीत करा, आणि पहिली अर्धी मी म्हणणार. आम्ही जमलो. मी, हर्बर्टकाका, गावठाणातली आणखी काही माणसं, भिंतीला चिकटून उभी. नॅन्सी पलंगाच्या कडेला बसली होती. त्याचा आवाज एवढासा. प्रत्येक शब्दाला थांबत थांबत तो 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही'पर्यंत आला आणि त्याचा श्वास संपला. आणि आम्ही, इतक्या दिवसांची जिभेला लागलेली सवय, सगळे एका सुरात म्हणालो, "आमची रोजची भाकर..."

शेर्विनने बोटं उचलली. "थांबा. माझं झालं नाय अजून."

नॅन्सीने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नाय. तू नाय म्हणायचं."

हात बाजूला करायची ताकद त्याच्यात नव्हती. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. त्याला श्वास पुरेना, तेव्हा तिनेच हात काढला.

"मम्मी," तो म्हणाला, "हॉस्पिटलात माझ्या उशाशी तू रोज इथेच थांबायचीस. मला कळत होतं गं. मी पण इथेच अडकलोय. लय दुखतं, मम्मी. सोड ना आता."

"नाय," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "नाय." मग भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे वळून ओरडली, "माझ्या तोंडून येत नाय म्हणून पोराच्या तोंडून वदवतोस? लाज वाटत नाय तुला?" आणि पलंगाच्या कडेवर डोकं आपटून रडली. तिला धरायला कुणी पुढे झालं नाही. मीही नाही.

बऱ्याच वेळाने तिने बाहीला तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. 'पृथ्वीवरही'पाशी ती आली आणि थांबली. या वेळी आम्ही कुणी पुढचं उचललं नाही. तिने शेर्विनचा हात दोन्ही हातांत घेतला. आता ती तसबिरीकडे बघत नव्हती, पोराकडे बघत होती.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," ती म्हणाली.

पुढची ओळ आमची होती. हर्बर्टकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आमची रोजची भाकर आज आम्हास दे," शेर्विननेच म्हटलं, आणि नॅन्सी त्याच्या तोंडावर वाकून ते ऐकत राहिली.