दोनशे चौदा रिकामे रकाने

विद्यापीठात तिला सगळे मॅडम म्हणायचे, घाऊक बाजारात भाववाली बाई, आणि घरी थोरला भाऊ प्राध्यापकीणबाई. या तिसऱ्या हाकेत चेष्टा अर्धी आणि अभिमान दीडपट असे.

मापाड्याची मुलगी. वडील त्याच घाऊक बाजारात पोती तोलायचे आणि वरच्या मजल्यावर, मापाड्यांच्या खोलीत, आवकेची वही लिहायचे: आज कुठला माल किती आला, एवढंच. भाऊ शाळा अर्धवट सोडून सरकारी शीतगृहात लागला. हंगामात बटाटा स्वस्त असताना सरकार तो तिथे भरून ठेवायचं आणि टंचाईच्या महिन्यांत बाहेर काढून थेट लोकांना विकायचं. कामगार त्या अख्ख्या इमारतीला नुसतं ‘फ्रीज’ म्हणायचे. त्या फ्रीजमध्ये भाऊ कानटोपी घालून कुडकुडला, म्हणून ही अर्थशास्त्र शिकली.

तिचा प्रबंध बटाट्याच्या भावांवर होता. नऊ वर्षांचे, रोजचे. खालच्या मजल्यावरचा कारकून रोज सकाळी लिलावात उभा राहून ते लिहायचा. त्याच्या समोर स्टूल टाकून ती सहा महिने त्याच्या वह्या उतरवत बसली. दोनशे चौदा रकाने रिकामे निघाले.

“कारकून दांडी मारत असणार,” तिचे सर चष्मा पुसत म्हणाले. “आदल्या दिवसाचा भाव भरून टाक. सगळे तेच करतात.”

“वर आवकेची वही असते, सर. ताडून बघू का?”

“कोण लिहितं ती?”

माझे वडील, हे अगदी ओठांवर आलं. सरांच्या टेबलावरच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि चपलेला चिकटलेली बाजारातली मातीही आता सरांना दिसेल असं वाटत होतं.

“असाच कुणीतरी मापाडी,” ती म्हणाली.

“मग राहू दे.”

तिनं राहू दिलं. रकाने भरले, महिन्यामहिन्याची सरासरी काढली आणि आलेख इस्त्री फिरवल्यासारखा सपाट आला. निष्कर्ष त्याच्या मागोमाग आपोआप आला: टंचाईतही भाव फारसा चढत नाही, व्यापारी आपापला साठा काढून तो सांभाळतात, सरकारी शीतगृहाची गरज नाही. प्रबंधाला पारितोषिक मिळालं. सरकारी समितीनं त्याचा हवाला दिला. तीन वर्षांनी फ्रीजला टाळं लागलं.

चाळीस कामगार फाटकाशी ठाण मांडून बसले. त्यांना उठवलं ते तिच्या भावानंच. तोही त्या चाळिसांतलाच.

“माझ्या बहिणीनं नऊ वर्षांचे आकडे तपासलेत,” तो त्यांना म्हणाला. “आपली पोटं भरावीत म्हणून फुकटचा फ्रीज चालवायचा का? ती खोटं लिहायची नाही.”

“तुझी बहीण आहे म्हणून उठतो,” त्यांच्यातला लंबू म्हणाला. “दुसऱ्या कुणाची असती तर तुझं तंगडं मोडलं असतं.”

लोक उठले. भाऊ बाजारात पोती वाहू लागला. पंधरा वर्षांनी त्याची कंबर गेली, आणि तेव्हापासून तो खिडकीशी खाट टाकून पडला. त्याच वर्षी ती विभागप्रमुख झाली. वडील त्याआधीच गेले होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ तिचा फोटो दाखवायचा.

ती निवृत्त झाली तेव्हा विभागानं निरोप समारंभ ठेवला. त्या जुन्या कारकुनाला तिनं आवर्जून बोलावलं. काका आता ऐंशीच्या घरात होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. भाषणात ती हसत म्हणाली, “काकांनी इतक्या दांड्या मारल्या नसत्या, तर माझा प्रबंध लवकर झाला असता.”

सभागृह हसलं. काका हसले नाहीत. चहाच्या वेळी कप तसाच भरलेला हातात धरून ते तिच्यापाशी आले.

“कसल्या दांड्या, बाई?”

“अहो, गंमत केली काका. ते रिकामे रकाने नव्हते का?”

“बत्तीस वर्षांत माझा एक खाडा नाही. बायको गेली, त्या दिवशीसुद्धा लिलाव लिहून मग घरी गेलो.”

“मग रकाने रिकामे कसे?”

“माल नव्हता. बाजार कोरडा. भाव कशाचा लिहू, माझ्या टकलाचा?”

“तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“सहा महिने समोर बसला होतात,” काका म्हणाले. “तुम्ही विचारलं का नाहीत?”

दुसऱ्या दिवशी ती बाजाराचा जिना चढली. अठरा पायऱ्या. जुन्या वह्या कपाटाच्या तळाशी सुतळीनं बांधलेल्या होत्या. वडिलांचं अक्षर तिनं लांबूनच ओळखलं. दोनशे चौदा दिवस, आणि बटाट्यापुढे दोनशे चौदा शून्यं, सगळी गोल, नीट, घाई न करता काढलेली. तिनं आठवडाभर पुन्हा गणित मांडलं. कोरड्या दिवसांनंतर पहिल्याच लिलावात भाव दुप्पट होत होता, कधी तिप्पट; तिच्या सरासरीत ते बुडून गेलं होतं. साठा काढणारे व्यापारी कुठेच नव्हते. त्या दिवसांत गावात बटाटा होता तो एकाच ठिकाणी, फ्रीजमध्ये.

संशोधनाच्या मासिकाला चूक कबूल करणारं पत्र तिनं लिहिलं. पाकिटात घातलं आणि ते न टाकता भावाकडे गेली. तिच्या शब्दावर चाळीस माणसं उठवणाऱ्याला हे मासिकाच्या आधी कळायला हवं होतं.

“या प्राध्यापकीणबाई. सुटलात एकदाच्या?” भाऊ खाटेवरूनच म्हणाला. वहिनी त्याच्या पाठीशी उशी लावत होती.

तिनं सांगितलं. उभ्यानंच.

भावानं नजर खिडकीबाहेर वळवली. “म्हणजे फ्रीज लागत होता.”

“हो.”

“आणि वर जाऊन बघता आलं असतं तुला.”

“हो.”

“अण्णा तिथेच बसायचे.”

“हो, दादा.”

“मग का नाही गेलीस?”

सर नको म्हणाले, हे उत्तर तयार होतं. अर्धं खरंही होतं. “लाज वाटली,” ती म्हणाली. “मापाड्याची मुलगी म्हणून.”

वहिनीनं उशी तशीच सोडली आणि ती आत गेली. आत एक भांडं जोरात ओट्यावर आदळलं.

“माझी कंबर मरू दे,” भाऊ म्हणाला. “चाळीस जणांना मी उठवलं. तुझ्या नावावर. हे छापून आलं की त्यांना तोंड कसं दाखवू?”

“तू नको म्हणालास तर नाही पाठवणार.”

“म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात.”

तिनं हातातलं पाकीट उलटसुलट केलं.

“पाठव,” तो शेवटी म्हणाला. “पण तुझं मासिक त्यांच्यातलं कोण वाचणार आहे? कागद घे. लिही.”

तो सांगत गेला. लंबू. मास्तर. दोघे जुळे. चष्मेवाला. तोंडाळ, आणि त्याचा मेहुणा. मध्येच “हा गेला” म्हणायचा आणि पुढे जायचा. असे अकरा झाले.

“एकेकाच्या दारात जायचं. मला सांगितलंस तेच सांगायचं. लाज वाटली, तेही.”

“आणि जे गेले?”

“त्यांच्या घरी कुणी असेल.”

“नसेल तर?”

“तर रकाना रिकामा ठेव. मनानं भरू नकोस.”

एकोणचाळीस नावांवर तो थांबला. तिनं पेन धरूनच विचारलं, “चाळिसावा?”

“मी. माझं ऐकून झालं.” त्यानं दोन्ही हातांनी कंबर धरून भिंतीकडे तोंड केलं. वळायला त्याला वेळ लागला, आणि तिनं पुढे केलेला हात त्यानं घेतला नाही.

लंबू दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. ती निघाली तेव्हा दार लावून घ्यायला वहिनी आली नाही.