झेंडे लावणे

ऑस्ट्रेलियाला निघालो तेव्हा वडील म्हणाले होते, "तिकडे जाऊन काय झेंडे लावतोस ते बघूच." मामांनी लगेच "अटकेपार लावेल हो पोरगा," म्हणून सावरून घेतलं. मामांचं कौतुक मी विमानतळावरच विसरलो. वडिलांचा टोमणा मात्र माझ्याबरोबर वॉलॉंगॉंगला आला. पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात नोकरी लागली, मुलगी झाली, घर घेतलं, तरी तो काही पाठ सोडेना.

आमच्या शेजारी एक म्हातारा राहतो, वेल्सचा. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने आला आणि जन्मभर आमच्याच कारखान्यात राबला. त्याच्या व्हरांड्यावर लाल ड्रॅगनचा झेंडा असतो. त्याच्याकडून कुंपणावरून लिंबं यायची, आमच्याकडून थालीपीठ जायचं. त्याच्याजवळ पासपोर्ट दोन, इथला आणि तिथला. आम्हाला ती चैन नाही. इथले नागरिक झालात की भारताचा पासपोर्ट रद्द करून घ्यायचा.

मी तो रद्द करणार हे वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्या झेंड्याच्या कोपऱ्यात इंग्रजांचा अजून आहे ना?"

"आहे."

"बरं."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

नागरिकत्वाच्या समारंभात आम्हाला एक रोपटं आणि हातात धरायचा छोटा झेंडा मिळाला. सुरुवातीला इथल्या मूळ लोकांपैकी एका आजींनी आपल्या भूमीवर आमचं स्वागत केलं. घरी आल्यावर मुलगी झेंडा घेऊन थेट कुंपणापाशी गेली. म्हाताऱ्याने तिला कोपरा समजावून सांगितला. लाल उभा-आडवा क्रॉस इंग्लंडचा, पांढरा तिरका स्कॉटलंडचा, लाल तिरका आयर्लंडचा. एकात एक बसवलेली तीन राष्ट्रं.

"अँड व्हेअर आर यू?" मुलीने विचारलं.

"मी नाहीये त्यात. हा झेंडा बनवला तेव्हा वेल्स म्हणजे इंग्लंडच, असं धरून चालले. आम्हाला विचारतो कोण?"

ते बोलताना त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता, आणि मला तो एकदम घरचा वाटला. वगळलेल्या माणसाला दुसरा वगळलेला भेटला की बरं वाटतं, यात लपवण्यासारखं काय आहे?

"मग त्या सकाळच्या आजी? त्यापण नाहीत," मुलगी इंग्रजीतच म्हणाली.

"त्यांचा त्यांना वेगळा आहे ना," म्हातारा म्हणाला आणि लिंबं काढायला वळला. मी ते कानाआड केलं.

जानेवारीत इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीला मी बाल्कनीला भोकं पाडून काठी बसवली आणि इथला चांगला मोठा झेंडा लावला. देशप्रेम वगैरे थोडंफार असेलही, पण खरं म्हणजे तो वडिलांसाठी होता. एकदा त्यांना दाखवायचा आणि तो टोमणा कायमचा मिटवायचा. सकाळीच त्यांना मेसेज केला, 'झेंडा लावतोय. संध्याकाळी दाखवतो.'

म्हातारा बाहेर आला, मान वर करून बघत राहिला.

"छान लावलास, मेट. पण तुमचा का नाही लावला? तो चक्राचा. फार सुंदर आहे तो."

"हाच आमचा आता."

"हो हो, नो वरीज. मी तुमच्या स्वतःच्या झेंड्याबद्दल म्हणतोय."

मी ड्रिलची वायर गुंडाळायला लागलो. मुलगीच मध्ये बोलली. "बट यू आर नॉट इन इट आयदर. तुम्हीच सांगितलंत."

म्हातारा हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "मला त्यात असायची गरज नाही, लव्ह," तो म्हणाला. "तो माझाच आहे."

आमच्या कुंपणावर त्या दिवशीही लिंबांची पिशवी होती. मी ती तशीच राहू दिली.

संध्याकाळी वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी नवा सदरा घातला होता. शेजारच्या जोशीकाकूंनाही मुद्दाम बोलावून बसवलं होतं. आयुष्यभर तिरकस बोललेला माणूस त्या दिवशी अगदी सरळ, मऊ आवाजात म्हणाला, "लावलास ना रे झेंडा? दाखव की."

मी बाल्कनीतच उभा होतो. झेंडा माझ्या डोक्यावर फडफडत होता, त्याचा आवाज त्यांना तिकडे पुण्यात ऐकू जात असणार. फोन नुसता वर करायचा होता.

"इथे नेट नीट नाही," मी म्हणालो आणि आत आलो.