गेटजवळची पांढरी गाडी

मला एक सांगा, आपल्या बीड जिल्ह्यात झाडून सगळ्या मोठ्या गाड्या पांढऱ्याच काहून असतात?

हा सवाल मी किसनदादाला, माझ्या थोरल्या भावाला, कितीदा विचारला असेल! त्यानं जन्मभर दुसऱ्याची पिकअप चालवली. म्हणायचा, "आपली घेऊ ना बे, तवा सांगतो." आणि या उन्हाळ्यात छातीत कळ आली म्हणून बसला, तो उठलाच नाही. चप्पल अजून दारात आहे. कुणी हलवत नाही.

तर त्या पांढऱ्या रंगानं माझी काय फजिती केली, ते ऐका.

आईला, वहिनीला आणि त्याच्या छोट्या लेकीला, परीला, सात सीटच्या गाडीत बसवायचं, मागच्या सीटलाही एसी पाहिजे, हे दादाचं स्वप्न. गाडी जुनीच घ्यायची, पण पारखून. मी नववीत शाळा सोडली, पण दादाचे धडे तोंडपाठ! इंजिन थंड असतानाच चालू करायचं. आधीच तापवून ठेवलं असेल तर मालक काहीतरी लपवतोय. चटया उचलायच्या; खाली गाळ-गंज दिसला तर गाडी पुरात बुडालेली. आणि टपावरच्या सनरूफवर पाणी ओतायचं. पाणी वाहून जायच्या नळ्या तुंबल्या असतील तर आत गळतं.

सगळ्यांना घेऊन बीडला गेलो. जुन्या गाड्या विकणारे मामू फोनवर म्हणाले, "गेटजवळची पांढरी. चावी आतच हाय. बघा आरामात, आलोच मी."

गेटजवळ पांढरी उभी होतीच, चावीही आत. शेजारी मंगल कार्यालय होतं, पण त्याच्याशी आपल्याला काय करायचंय?

बॉनेटला हात लावला, थंडगार! चटया उपटल्या, चकाचक! वहिनी पुढं, परी तिच्या मांडीवर, आई पार मागं. एसी सोडला.

"आई, हवा येती का?"

"लई! शाल आणाय पायजे होती रं."

मग मी कार्यालयाच्या नळाखालची भरलेली बादली उचलून टपावर ओतली. नेमकं तेव्हाच परीनं कुठलंसं बटण दाबलं. सनरूफ सरकलं! अख्खी बादली मधल्या सीटवर.

"भावजी," वहिनी म्हणाली, "गळतंय का बघत होता न्हवं? गळतंय बरं का!" आणि हसायला लागली. दादा गेल्यापासून पहिल्यांदा!

तेवढ्यात दोन पोरं झेंडूच्या माळा घेऊन आली आणि गाडी सजवू लागली. मीही एक माळ धरली. काय दिलदार मामू! सौदा ठरायच्या आधीच हार! आईनं उतरून बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुन्हा मागं जाऊन बसली. मी नारळ फोडला. रेडियमवाल्याकडून करून आणलेलं दादाचं नाव मागच्या काचेवर चिकटवलं.

मग बँड वाजला. खरं सांगतो, तेव्हा मला जराशी शंका आली.

नवरदेव आला, मधल्या सीटवर बसला आणि बसला तसा उठला! शेरवानी मागून चिंब.

"कोण बे तू?" नवरदेवाचा बाप गरजला.

"आमी गाडी घेतोय ही."

"अबे, ही माझी हाय!"

मागून आई म्हणाली, "मग लई चांगली हाय तुमची गाडी. मागं मस्त गार लागतं."

मामू धापा टाकत आले. "गेटच्या आतली, बाबा! आतली!"

मी नखांनी दादाचं नाव सोडवायला लागलो.

"कोण हे किसनदादा?" बापानं विचारलं.

मी नाव सोडवतच राहिलो. वहिनीच म्हणाली, "आमचे मालक. उन्हाळ्यात गेले."

त्या गृहस्थानं माझा हात नावावरून बाजूला केला. "राहू दे. मिरवणूक होईस्तोवर राहू दे. अन् तू, पाणीवाल्या, नाचाय चल!"

सगळे गाडीच्या पुढं नाचले. मी एकटा मागं, नावाच्या समोर. असा नाचलो, असा नाचलो की बँडवाला वळून वळून बघत होता.

संध्याकाळी मामूची खरी गाडी घेतली. तीही पांढरीच! नाव अलगद सोडवून तिच्या काचेवर लावलं. ही तपासली का, म्हणता? कशी तपासणार? मला कुणी बादलीच देईना!

धारूरच्या घाटात पाऊस लागला आणि सनरूफ गळायला लागलं. कुठं? बरोबर ड्रायव्हरच्या डोक्यावर! बाकी सहा सीटा ठणठणीत कोरड्या.

"गाडी थांबवता का, भावजी?"

"कशाला?"

परीचा टॉवेल डोक्यावर बांधला, मागचा एसी आईसाठी जरा कमी केला आणि तिघींना कोरडं घरी आणलं.